पाऊस कशावर पडतो : माळीण ते लोणार

सोमवार : पुणे ते माळीण

ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस ओसरलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि डोंगरउतारांवरचे गवत पिवळे पडू लागल्याने खालचा खडक उघडा दिसू लागतो. दख्खन पाहायला हाच काळ योग्य, असे माझ्या स्नेह्यांचे ठाम मत आहे. ते शासकीय सेवेतून निवृत्त झालेले भूजल वैज्ञानिक आहेत आणि मी स्थापत्य अभियंता. घोड नदीच्या उगमाकडच्या डोंगरांपासून निघायचे, नदीबरोबर पूर्वेला उतरायचे आणि पुढे नगर-जालन्यामार्गे लोणार गाठायचे, हा मार्ग त्यांनीच आखला होता. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर, शिरूर-पारनेरच्या पट्ट्यात, तो चारशे-पाचशे मिलिमीटरवर येतो. खडक मात्र सगळीकडे बेसाल्टच. पाऊस बदलत जातो आणि खडक तोच राहतो, तेव्हा खडकाचा वाटा वेगळा काढून पाहता येतो, हे त्यांचे म्हणणे मला पटले होते.

मंचर, घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेने आम्ही दुपारपूर्वी माळीणला पोहोचलो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा उतार खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्यामुळे. आता तिथे स्मारक आहे, आणि वाचलेल्या कुटुंबांची घरे जवळच आमडे येथे बांधून दिलेली आहेत. स्मारकापाशी आम्ही फार वेळ थांबलो नाही. स्नेह्यांना समोरचा उतार आणि त्याच्या शेजारचा न कोसळलेला उतार एकाच जागेवरून दाखवायचा होता.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांतून तयार झाला आणि ते प्रवाह भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसले आहेत. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट, काळा पाषाण असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिलेला आणि म्हणून लवकर झिजणारा. घट्ट भागाचे कडे उभे राहतात, तर झिजलेल्या भागाच्या पायऱ्या होतात आणि त्या पायऱ्यांवर मुरूम व माती साचत जाते. डोंगरातल्या वाड्या नेमक्या याच पायऱ्यांवर वसलेल्या दिसतात, कारण भात लावण्याइतकी माती तिथे मिळते, घर बांधण्याइतका सपाट भाग मिळतो आणि वरून मुरलेले पाणी खालच्या कातळावर अडून तिथेच झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वाडीला वर्षभर पाणी देणारी ही रचनाच सलग आठवडाभर मुसळधार पाऊस झाला की धोक्याची ठरते. मुरमात शिरलेल्या पाण्याला कातळाखाली वाट नसते, मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढत जातो, कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे घर्षण कमी होते आणि शेवटी अख्खा थर खाली निघतो. आपण सरसकट ‘दरड कोसळली’ म्हणतो; माळीणला आलेला मात्र माती, दगड आणि पाण्याचा लोट होता.

भातखाचरे करण्यासाठी उतार सपाट करण्याच्या पडकईच्या कामांवर दुर्घटनेनंतर बरीच चर्चा झाली होती. स्नेह्यांच्या मते खाचरांमुळे पाणी मुरण्याची जागा बदलते, हे खरे. पण अशी खाचरे या पट्ट्यात गावोगावी आहेत आणि प्रत्येक उतार काही खाली येत नाही. म्हणून मुरमाची जाडी किती, कातळाचा उतार कोणत्या दिशेला आणि झरे कुठे फुटतात, हे गावागणिक मोजल्याशिवाय कोणावरही बोट ठेवू नये. त्यांनी मला न कोसळलेल्या उतारावरची एक जागा दाखवली. तिथे बांधाच्या पायथ्याशी ऑक्टोबरातही ओल होती, आणि वर विजेचा एक खांब किंचित कललेला होता. असा खांब, घराच्या जोत्याला गेलेली नवी भेग, एकाएकी गढूळ झालेला झरा किंवा पूर्वी नव्हता तिथे फुटलेला झरा, या गोष्टी गावातल्या माणसाला कोणत्याही यंत्राआधी दिसतात; कोणाला कळवायचे, हे मात्र त्याला ठाऊक असावे लागते.

संध्याकाळी मंचरच्या मुक्कामी नकाशांचा विषय निघाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ पासूनची संस्था आहे. तिने २०१४ पासून देशातल्या डोंगराळ भागाचे १:५०,००० प्रमाणावर दरडप्रवणता नकाशे तयार केले आणि त्यांत सव्वाचार लाखांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र आले. काम मोठे आहे. पण या प्रमाणावर नकाशातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि पन्नास घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरांत संपते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गाडली गेली, तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे विधानसभेत सांगण्यात आले होते. त्याआधी २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये गेले होते. २०२४ साली कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झाले. पावसाचा अंदाज आणि उताराची माहिती एकत्र करून तिथून इशारे दिले जातात, आणि सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग व निलगिरी या जिल्ह्यांपासून झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस याच दिशेने चालला असेल, तर सह्याद्रीतल्या वाड्यांना अर्ध्या किलोमीटरच्या सेंटिमीटरापेक्षा मोठ्या प्रमाणाचे नकाशे हवेत, एवढे समजायला भूशास्त्राची पदवी लागत नाही.

मंगळवार : बोरी आणि निघोज

नारायणगावाजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या लांबून दिसल्या. आमचा रोख कुकडीच्या काठावरील बोरीकडे होता. कुकडी पुढे घोडला मिळते, त्यामुळे आम्ही एकाच खोऱ्यात होतो.

बोरीच्या काठावर गाळाच्या उभ्या कापात राखाडी-पांढऱ्या रंगाचा एक थर आहे. तो ज्वालामुखीच्या राखेचा आहे. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेले असल्याने ही राख बाहेरून आलेली असणार, हे उघड आहे. चिमूटभर राख बोटांत चोळली तर ती मातीसारखी पसरत नाही, करकरते. भिंगाखाली धरली की काचेच्या बारीक चकत्या चमकतात. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ही राख असावी, असे काही संशोधक मानतात. काही कालमापनांतून मात्र ती कित्येक लाख वर्षांनी जुनी ठरते. याच परिसरात अश्युलियन, म्हणजे पुराश्मयुगाच्या आरंभीच्या काळातील, दगडी हत्यारे सापडलेली असल्यामुळे हा वाद पुरातत्त्वाच्याही जिव्हाळ्याचा आहे.

हवामानाशी या राखेचा संबंध दुहेरी आहे. मोठ्या स्फोटातून वर गेलेले गंधकाचे वायू सूर्यप्रकाश अडवतात आणि पृथ्वी काही काळ थंड होते, हा झाला एक भाग. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटला. राख मोठ्या प्रदेशावर जवळजवळ एकाच वेळी पडते, त्यामुळे एका नदीच्या गाळातला थर दुसऱ्या नदीच्या किंवा समुद्रतळाच्या गाळातल्या थराशी जुळवून, त्या वेळी कुठे पूर येत होते आणि कुठे नद्या आटलेल्या होत्या, याची तुलना करता येते. त्यासाठी राखेचे वय निर्विवाद असावे लागते. बोरीबाबत ते तसे नाही, आणि म्हणूनच इथले काम अर्धवट सोडून चालणार नाही.

दुपारी निघोजचे रांजणखळगे पाहिले. कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेले ते खोल खड्डे प्रसिद्ध आहेत आणि गर्दीही तशीच असते, म्हणून त्यांच्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

बुधवार : इनामगाव

शिरूरच्या पुढे घोडच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. आज पाहायला फारसे काही नाही. टेकाड, शेते, उसाचे फड आणि नदी. उत्खननातून मिळालेली माहिती मात्र विलक्षण आहे. जोर्वे संस्कृतीच्या पूर्वार्धात इथे मोठी चौकोनी घरे होती, आणि नदीचे पाणी वळवण्यासाठी बांध व पाट यांची सोयही होती. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारानंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले आणि शिकारीची हाडे वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. पाऊस कमी झाला, शेती परवडेना, माणसे पुन्हा भटकी पशुपालक झाली, अशी ती मांडणी आहे.

मी ही मांडणी शाळकरी वयापासून ऐकत आलो आहे आणि ती मनाला लगेच पटते. स्नेह्यांनी मात्र निकाल लोणारपर्यंत राखून ठेवायला सांगितले.

गुरुवार : हिवरे बाजार

नगरच्या पश्चिमेला डोंगरांच्या कोंदणात असलेले हिवरे बाजार आता सर्वांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर तिथे झालेले सलग समतल चर, नालाबांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या गोष्टी अनेकदा लिहून झाल्या आहेत. पवारांना २०२० चा पद्मश्री सन्मानही मिळाला. गावाच्या शिस्तीवर बोलणारे पुष्कळ भेटतात. मला त्या शिस्तीच्या तळाशी असलेला खडक पाहायचा होता.

गावाच्या नियमांत सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा एक नियम आहे. बाहेरच्या माणसाला तो नैतिक संयमाचा नियम वाटतो. प्रत्यक्षात तो भूशास्त्राचा आहे. आम्ही एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्यांच्या विहिरीत डोकावलो. वर हातभर काळी माती, त्याखाली पिवळसर मुरूम, मग पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या बारीक छिद्रांचा मांजऱ्या खडक आणि तळाशी भेगांचा काळा पाषाण, असा क्रम बांधकाम नसलेल्या बाजूला स्वच्छ दिसत होता. पाणी मांजऱ्या आणि पाषाणाच्या सांध्यातून झिरपत होते. “आमचं पाणी या पट्ट्यात असतं, त्याच्या खाली नुसता दगड,” शेतकरीदादा म्हणाले. दरवर्षीच्या पावसाने भरतो तो हाच वरचा पंधरा-वीस मीटरांचा थर. बोअर त्याला भेदून खालच्या प्रवाहांच्या सांध्यांपर्यंत जाते, तिथले पाणी साठायला फार काळ लागतो आणि ते कोणाच्या हिशेबात नसते. विहीर उघडी असते. किती उरले ते साऱ्या गावाला दिसते. बोअरचे पाणी मात्र मोटर कोरडी ओढू लागेपर्यंत कळत नाही.

गावात पर्जन्यमापक आहेत आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गावाचे क्षेत्र सुमारे ९७५ हेक्टर आहे, म्हणजे शिवारावर पडणारा एक मिलिमीटर पाऊस जवळपास एक कोटी लिटर होतो. आकडा ऐकून हुरळून जायला होते, पण त्यातले बहुतांश पाणी बाष्प होऊन उडते किंवा वाहून जाते आणि बेसाल्टमध्ये मुरते ते थोडेच. स्नेह्यांनी इथे एक गोष्ट समजावली, जी अभियंता असूनही मी कधी अशी मांडून पाहिली नव्हती. नदीच्या वाळूत पाणी साठायला भरपूर जागा असते, तर झिजलेल्या बेसाल्टमधून मोकळे होऊ शकणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. म्हणजे विहिरीची पातळी एक मीटर उतरली, तर शिवाराखालून गेलेले पाणी दोन-तीन सेंटिमीटरच्या थराइतकेच असते; उलट तेवढेच पाणी मुरले की पातळी मीटरभर चढते. म्हणून इथल्या विहिरी एका चांगल्या पावसात भरतात आणि उसासारखे एक पीक लावले की फेब्रुवारीत तळ गाठतात. साठा मुळातच उथळ असताना पावसाचे दिवस कमी आणि सरी मोठ्या होत गेल्या, तर मुरण्याला वेळ मिळत नाही. चर आणि बांध पाणी निर्माण करत नाहीत. ते त्याला फक्त थांबवून धरतात, आणि उथळ खडकासाठी हे थांबणेच निर्णायक ठरते. पाऊस कमी झालेल्या वर्षी रब्बीत कोणते पीक घ्यायचे नाही, हे ग्रामसभेत ठरते, ते या हिशेबाच्या जोरावर.

हे मॉडेल सगळीकडे जसेच्या तसे उचलावे, असे मात्र मला वाटत नाही. हिवरे बाजारचे शिवार डोंगरांनी वेढलेले आहे आणि त्याचा पाणलोट बराचसा गावाच्याच हद्दीत आहे. ज्या गावाचा खडक शेजारच्या गावाच्या विहिरींशी जोडलेला आहे, तिथे एका ग्रामसभेचा ताळेबंद पुरणार नाही.

शुक्रवार : नगर ते जालना

दिवस प्रवासात गेला. छत्रपती संभाजीनगर ओलांडल्यावर बदनापूरच्या आसपास मोसंबीच्या बागा लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात याच भागातल्या बागा उभ्या वाळल्या आणि शेतकऱ्यांना त्या तोडाव्या लागल्या होत्या.

रस्त्याकडेच्या एका गावात स्नेह्यांना ओळखीची निरीक्षण विहीर सापडली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ सालची, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या काळातली. राज्यात दीड हजारांहून अधिक पाणलोट कल्पून सुमारे चार हजार विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. स्नेह्यांनी पिशवीतून पोलादी टेप काढला, शेवटच्या मीटरभर भागाला खडू चोळला आणि कठड्यावरच्या रंगाच्या खुणेपाशी टेप धरून तो सावकाश खाली सोडला. टोक पाण्यात बुडल्यावर खुणेपाशी पूर्ण मीटरचा आकडा जुळवून घेतला, मग टेप वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचले आणि वजाबाकी केली. दोन मिनिटांचे काम. पाहायला जमलेल्या मुलांपैकी एकाने विचारले, “काका, पाणी कुठे लागेल ते यावरून कळतं का?” ते म्हणाले, “ते नाही बाळा, पण कधी संपेल ते कळतं.”

ऑक्टोबरच्या मोजणीची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी केली जाते, पर्जन्यमानातली तूट तिच्याशी जोडून पाहिली जाते आणि कोणत्या गावांना उन्हाळ्यात टंचाई भासेल याचा अंदाज जिल्ह्याला आधीच दिला जातो. टँकरचे नियोजन त्यावर चालते. अलीकडे अटल भूजल योजनेतून महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक गावांना स्वतःची मोजणी आणि जलसुरक्षा आराखडा करण्याची सवय लावण्याचा प्रयत्न झाला. माझ्या मते या सबंध प्रवासातले सर्वांत कमी देखणे आणि सर्वांत उपयोगी दृश्य म्हणजे खडू लावलेला तो टेप. उपग्रहाच्या चित्रावर बातमी होते, विहिरीच्या पातळीवर होत नाही. पण त्याच विहिरीच्या पन्नास वर्षांच्या नोंदी एका ओळीत ठेवल्या की पाऊस कमी झाला की उपसा वाढला, हा गावागावांतला वाद पुराव्यानिशी बोलता येतो.

शनिवार : लोणार

मंठामार्गे लोणार गाठले. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले विवर जगात क्वचितच आढळते. हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२,००० वर्षे मानत असत, नंतरच्या आर्गॉन कालमापनाने ते साडेपाच लाखांच्या वर गेले. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा ते देशभर गाजले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले, आणि त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

गोमुखाच्या धारेपासून खाली उतरताना विवराच्या भिंतीतून झिरपणारे गोडे पाणी दिसते. तळाशी पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. तळ्यात पाणी येते पावसाचे आणि भूजलाचे, बाहेर जायला ओढा नाही, जाते ते फक्त वाफेने. त्यामुळे मोसमी पाऊस सुधारला की तळे वाढते, बिघडला की आटते आणि क्षार दाट होतात, आणि गाळ वर्षानुवर्षे साचत राहतो. भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि जर्मनीतील पॉट्सडॅमचे भूविज्ञान संशोधन केंद्र यांच्या संशोधकांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात सुमारे ११,००० वर्षांची नोंद आहे. त्यातील काही थरांत गेल्युसाइट या खनिजाचे स्फटिक सापडले. हे खनिज तळ्याचे पाणी अतिशय दाट झाल्यावरच तयार होते, म्हणजे ते थर दीर्घ अवर्षणाचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे दोन प्रदीर्घ काळ होते : आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिला काळ मेघालयातील मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात दिसणाऱ्या ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाशी जुळतो. त्याच दुष्काळावरून भूशास्त्रातील सध्याच्या कालखंडाला २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. गोदावरीच्या मुखाजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळातही सुमारे ४,००० आणि १,७०० वर्षांपूर्वी कोरड्या हवेत वाढणाऱ्या वनस्पती वाढल्याचे दिसते.

आता इनामगाव. तिथली पडझड सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे लोणारच्या दोन्ही अवर्षणांच्या मधली. स्नेह्यांनी बुधवारी निकाल राखून ठेवला होता, तो यासाठी. घोडच्या काठावर स्थानिक दुष्काळ पडला नव्हता असे यातून सिद्ध होत नाही, पण दख्खनमधली एक वस्ती उठली की लगेच सार्वत्रिक अवर्षणाकडे बोट दाखवणे आता अवघड झाले आहे. जमीन थकणे, लोकसंख्या, आपसातली भांडणे, नदीने पात्र बदलणे, यांनाही जागा ठेवावी लागेल. आवडती मांडणी अशी अडचणीत आलेली पाहून मला थोडे वाईट वाटले, हे कबूल.

आमच्याबरोबर उतरलेल्या स्थानिक वाटाड्या तरुणाने सरळ विचारले, “सर, चार हजार वर्षांपूर्वीचं कळून आमच्या तालुक्याला काय फायदा?” उत्तर माझ्या व्यवसायातून देता आले. धरण किंवा पाणीपुरवठा योजना आखताना आम्ही उपलब्ध पावसाच्या नोंदी घेतो. भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा, त्यामुळे आमच्या हिशेबातला सर्वांत वाईट दुष्काळ फार तर दीडशे वर्षांतला असतो. हे तळे सांगते की याच भूमीवर मोसमी पाऊस काही वर्षे नव्हे, तर काही शतके क्षीण राहिलेला आहे, आणि तोही माणसाने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवण्यापूर्वी. म्हणजे आम्ही धरलेली कमाल मर्यादा निसर्गाच्या दृष्टीने कमाल नाही.

चढून वर आल्यावर कड्यावर बसून स्नेही एका अडचणीविषयी बोलले. गाळाची भाषा नीट वाचायची तर तिचा शेवटचा भाग आजच्या मोजमापांशी ताडून पाहायला हवा. किती पावसाला तळे किती दाट होते, हे विहिरींच्या आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी असलेल्या पन्नास वर्षांतच तपासता येईल. नेमका तोच वरचा थर पाण्यासारखा सैल असतो, लांब स्तंभ काढणाऱ्या यंत्रात तो ढवळून जातो, आणि विवरात उतरणाऱ्या सांडपाण्याने व माणसाच्या वावराने त्याची रासायनिक नोंदही गढुळली आहे. त्यासाठी तळ जागेवरच गोठवून वरचा हातभर गाळ वेगळा काढावा लागतो, आणि ते काम उन्हाळ्यात, तळ्याची पातळी उतरलेली असताना करणे सोयीचे.